पाळण्याची दोरी आणि मजुरीचा दर

बाळ सांभाळायला बाई हवी, पगार भेटीअंती ठरेल, अशा आशयाचे निरोप आज गृहसंकुलांच्या, महिला मंडळांच्या आणि गावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतात. इंदापूर तालुक्यातील सणसरसारख्या गावालाही हा बाजार परका राहिलेला नाही. नीरा डावा कालवा, भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि भोवतालचा ऊस यांनी या परिसरात संपत्ती निर्माण केली. पण भूमिहीन घरातील स्त्रीला वर्षभर पुरेल असे काम दिले नाही. खुरपणी संपली की तिला बारामतीकडे पाहावे लागते. कामाची वार्ता तिला कळते ती सरकारी रोजगार कार्यालयातून नव्हे, शेजारणीच्या मोबाइलवरून.

ही सोय तुच्छ मानण्याचे कारण नाही. ओळखीपाळखीतून काम शोधणे ही कष्टकऱ्यांची जुनी रीत आहे. त्यात दलाली वाचते, आणि तान्हे मूल परक्या हाती सोपवणाऱ्या आईलाही कोणाच्या तरी शब्दाचा आधार हवा असतो. ती आईही बहुधा पगारावर जगणारी असते. तिच्याशी वैर धरून प्रश्न सुटणार नाही. परंतु ओळखीने काम मिळते, हक्क मिळत नाही. बाईची चौकशी होते, मालकिणीची होत नाही. दहा तासांचे बारा तास झाले, बाळाबरोबर धुणीभांडीही आली, महिन्याच्या मध्यावर काम सुटले, तर दाद कोणाकडे मागावयाची? गट चालविणारा म्हणेल, आपण केवळ निरोप पोचविला. तिच्यावर एखादा आळ आला की मात्र तोच निरोप क्षणात शंभर घरी जातो आणि तिची भाकरी तुटते.

यावरचा मार्ग पुण्याच्या मोलकरणींनी दाखवून दिलेला आहे. १९८० साली त्यांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि रजा या मागण्या घरकामाच्या व्यवहारात आल्या त्या या एकजुटीमुळे. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगाराला त्याखाली नोंदणी करता येते. मूल सांभाळणारी बाईही घरकामगारच होय. मात्र २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत घरकामगारांच्या १८९ व्या कराराच्या बाजूने मत देणाऱ्या भारत सरकारने त्या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करणारी समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्राला सांगावे लागले.

शासनाचा स्वतःचा व्यवहार तरी कोणता? १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे. पण तिचा गाडा ओढणाऱ्या अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, ‘मानधन’ दिले जाते. त्यासाठीच ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस दीर्घ संपावर गेल्या होत्या. सरकारच जेथे बालसंगोपनाला श्रम मानत नाही, तेथे मालकिणीने पगार उपकार म्हणून दिला तर नवल काय? आणि दुसऱ्याचे बाळ दिवसभर सांभाळणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे मूल कोण सांभाळते? म्हातारी सासू, नाहीतर शाळा बुडविणारी थोरली मुलगी. फडावर आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोपीतही हेच चित्र आहे.

म्हणून सणसर-भवानीनगरच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. या गटांना नावे ठेवण्यापेक्षा बायकांचा स्वतःचा गट उभा करावा. तासांचा, साप्ताहिक सुटीचा व पगाराचा एक दर सर्वांनी मिळून ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये. प्रत्येक बाईची मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी, करार चार ओळींचा का होईना, लेखी असावा. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ते गावात व्हावे यासाठी ग्रामसभेत ठराव आणावा. मोबाइलवर निरोप एकटीला येतो. उत्तर मात्र सगळ्यांनी मिळून द्यावयाचे असते. ते देण्याची सवय लावणे, हेच संघटनेचे काम.