शंकेनेही कारण दाखवावे

१९३९ साली लंडनमध्ये ब्रिटिश अकॅडमीपुढे बोलताना केंब्रिजचे तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी बाह्य जगाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून आपलेच हात दाखवले. हा एक हात, हा दुसरा. म्हणजे मनाबाहेर निदान दोन वस्तू आहेत. सिद्धता संपली. मनाबाहेरच्या वस्तूंचे अस्तित्व नुसत्या विश्वासावर स्वीकारावे लागते आणि कोणी शंका घेतली तर पुरेसे उत्तर देता येत नाही, ही तत्त्वज्ञानाची नामुष्की आहे, असे कांटने १७८७ साली लिहून ठेवले होते. दीडशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर पोरकट वाटावे, यात नवल नाही. कारण देकार्तने १६४१ मध्ये मांडलेला पेच तसाच उभा होता. हे सारे स्वप्न असेल तर? एखादा कपटी दैत्य आपल्याला फसवत असेल तर? पुढे हिलरी पटनम यांनी १९८१ मध्ये द्रावणात ठेवलेल्या, तारांनी संगणकाला जोडलेल्या मेंदूची कल्पना चर्चेला घेतली आणि निक बोस्ट्रॉम यांच्या २००३ मधील निबंधानंतर आपण संगणकातच जगत असू, ही शक्यता चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. सोंगे बदलली, प्रश्न तोच राहिला. अनुभवात तसूभरही फरक न पडता त्यामागचे वास्तव अगदी वेगळे असू शकत असेल, तर आपल्याला जग ठाऊक आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मूर यांचे उत्तर अपुरे आहे हे मान्य करूनही ते योग्य दिशेचे होते, असे माझे मत आहे. त्या दिशेने आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे आचार्य, बरेच आधी आणि बरेच पुढे गेले होते.

संशयवाद्याचे सगळ्यात जुने भांडवल म्हणजे इंद्रियांची फसगत. म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये दाखवलेल्या आकृतीत सारख्याच लांबीच्या दोन रेषा, टोकांच्या बाणांची दिशा उलट असल्यामुळे, लहानमोठ्या दिसतात. प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो आणि मेंदू ती जागा बेमालूम भरून काढतो. पण हे आपल्याला कळले कसे? रेषा मोजपट्टीने मोजल्या म्हणून, आणि दृष्टिपटलावरून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाशग्राही पेशी नसतात हे डोळ्याची रचना तपासून पाहिले म्हणून. फसगतीचा प्रत्येक दाखला कुठल्या तरी न फसलेल्या ज्ञानावर उभा असतो. बोस्ट्रॉम यांचा युक्तिवादही संगणकांची क्षमता कुठवर वाढू शकेल याच्या अंदाजावर रचलेला आहे, आणि तो अंदाज याच जगातल्या संगणकांकडे व याच जगाच्या भौतिकशास्त्राकडे पाहून केलेला आहे. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडायची, असा हा प्रकार.

न्यायदर्शनात संशय हा सोळा पदार्थांपैकी एक आहे आणि त्याची कारणे मोजून दिलेली आहेत. संधिप्रकाशात दूरवर काही उभे दिसते. तो खुंट आहे की माणूस? या घासून गुळगुळीत झालेल्या उदाहरणातले मर्म सहसा सुटून जाते. ही शंका येण्यासाठी दोघांत समान असलेली उंची दिसावी लागते, दोघांना वेगळे करणारी खूण दिसलेली नसावी लागते आणि खुंट व माणूस दोन्ही आधी माहीत असावे लागतात. ज्याने यातले काहीच पाहिलेले नाही, त्याला ही शंका येऊच शकत नाही. शिवाय ती कशाने मिटेल हे तिच्यातच दडलेले असते: जवळ जा, हातपाय हलतात का बघा. शंका ही ज्ञानाच्या आधाराने उभी राहणारी आणि ज्ञानाने मिटणारी गोष्ट आहे. ‘सगळेच खोटे असेल तर’ या वाक्याला असा आधार नाही आणि ते मिटण्याची वाटही नाही.

यावरचा सगळ्यात भेदक आक्षेप बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने घेतला. प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, वस्तू सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी; आपोआप म्हणाल तर बाकीच्या गोष्टी आपोआप का नाहीत? न्यायसूत्रांनी याला तराजूचे उदाहरण दिले आहे. तराजू सोने तोलतो, पण त्याच्याविषयी संशय आला तर आधी तोललेल्या सोन्याने तो तराजूही तपासता येतो. मोजणारे साधन आणि मोजली जाणारी वस्तू हे एकाच गोष्टीचे दोन अधिकार आहेत. कोणताही तराजू तपासणीतून सुटत नाही. फक्त सगळे तराजू एकाच वेळी मोडीत काढून तपासणी करता येत नाही. नागार्जुनाला हे पटले नसते, कारण त्याला पाया हवा होता, किंवा पाया नाही याची कबुली. ज्ञानाला तसा पाया लागतोच, हे मात्र त्याने कुठे सिद्ध केले?

बाहेर वस्तू नाहीतच, सगळे मनातलेच आहे, असे म्हणणाऱ्या विज्ञानवादी वसुबंधूचे प्रकरण अधिक अवघड आहे. त्याच्या ‘विंशतिका’त प्रतिपक्षाचे आक्षेप प्रामाणिकपणे मांडलेले आहेत. बाहेर वस्तू नसेल तर तो अनुभव ठरावीक जागी, ठरावीक वेळीच का येतो? एकाच वेळी अनेकांना का येतो? त्याचा परिणाम कसा होतो? वसुबंधू म्हणतो, स्वप्नातही जागा आणि वेळ ठरलेली असते. यावर ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्यांनी जे उत्तर दिले, ते ‘जग मिथ्या’ हे पालुपद आळवणाऱ्यांनी आवर्जून वाचावे. स्वप्न खोटे ठरते ते जागे झाल्यावर. जागेपणी दिसलेला खांब पुढच्या कुठल्याही अवस्थेत तसा खोटा ठरत नाही. आणि विज्ञानवादी जेव्हा वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ भासते म्हणतो, तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे काय हे त्याला कुठून कळले? अमका वांझेच्या मुलासारखा दिसतो, असे कोणी म्हणत नाही. (गौडपादकारिकांवरच्या, शंकराचार्यांच्याच नावे असलेल्या भाष्यात सूर बराच वेगळा लागतो, हे खरे. आणि पारमार्थिक पातळीवर आचार्य जगाला अंतिम सत्य मानत नाहीत, हेही खरे. पण दृश्य वस्तू म्हणजे निव्वळ मनाचा खेळ, हे म्हणणे त्यांनी खोडून काढले, एवढे नक्की.)

पण यातून जे दिसते तेच खरे, असा हट्ट तयार होत नाही का? याचे उत्तर शोधायला अणूंच्या इतिहासाइतकी चांगली जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ अणूंचे अस्तित्व मानत नव्हते. अणू हिशेबाला सोयीचे आहेत, पण कोणी पाहिलेत, असा त्यांचा रोख होता. ही बाह्य जगाविषयीची शंकाच होती, पण तिला कारण होते. १९०५ मध्ये आइन्स्टाईन यांनी पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या अस्थिर हालचालीचे गणित मांडले, जाँ पेराँ यांनी ती हालचाल प्रयोगात मोजली, आणि आकाशाचा निळेपणा, किरणोत्सर्ग, विद्युतभार अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी काढलेला ॲव्होगॅड्रोचा आकडा आसपासच येतो, हे दाखवून दिले. १९०९ च्या सुमारास ऑस्टवाल्ड यांनी अणूंचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले. कपटी दैत्याने हे सगळे आकडे जुळवून आणले असतील, असे आजही म्हणता येईल. मात्र आकडे जुळले नसते, तरी तेही दैत्याचेच काम ठरले असते. काहीही घडले तरी ज्याचे काही बिघडत नाही, त्याला ऑस्टवाल्ड यांच्या शंकेच्या पंक्तीत बसवता येणार नाही.

संशयवाद्याचा शेवटचा बालेकिल्ला म्हणजे खात्री. शक्यता शून्य झाल्याशिवाय ‘मला माहीत आहे’ म्हणण्याचा अधिकार नाही, असे तो म्हणतो. नैयायिकांना ही अट मान्य नव्हती. ज्ञान योग्य कारणांनी झाले आणि वस्तूशी जुळले की ते ज्ञान. ते योग्य कारणांनी झाले याची वेगळी ग्वाही शंका आली तरच शोधायची. मीमांसक तर बाधक पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण मानतात. उदयनाचार्यांनी शंकेला कृतीची मर्यादा घातली आणि चौदाव्या शतकात गंगेशाने ती उलगडून सांगितली: धुराचे कारण अग्नी आहे का याची शंका घेणारा धूर हवा असला की अग्नीच पेटवतो, भूक लागली की अन्नच शोधतो. श्रीहर्षाने बाराव्या शतकातच उदयनाचे शब्द फिरवून त्याच्यावर उलटवले होते, आणि त्याचा आक्षेप हलका नाही. सवयीने वागणे वेगळे आणि जाणणे वेगळे. कृतीवरून फार तर एवढेच कळते की शंका मनापासूनची नाही; समजूत खरी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. हा मुद्दा मी मान्य करतो. विज्ञानवाद तर्काने कायमचा चीत करता येईल, असे मला वाटत नाही. पण चीत करण्याची जबाबदारी आपली आहे, हेच मुळात मान्य नाही. शक्यतेचा उच्चार म्हणजे शक्यतेचा पुरावा नव्हे. मूर यांचा रोख हाच होता: हात आहेत याविषयी मला जितकी खात्री आहे, तितकी तुमच्या युक्तिवादातल्या एकाही गृहीतकाविषयी नाही.

अशा सार्वत्रिक शंकेमुळे माणूस नम्र राहतो, असे तिचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात ती सगळ्या समजुतींवर सारखीच बसते, त्यामुळे पृथ्वी गोल म्हणणारा आणि सपाट म्हणणारा एकाच बाकावर येतात. याचा धंदाही झालेला आहे. शंका हाच आपला माल, अशा अर्थाचे टिपण अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीने १९६९ मध्ये लिहिले होते. आता बनावट चित्रफिती सहज तयार होऊ लागल्यावर खऱ्या चित्रफितीत सापडलेला माणूसही ‘हल्ली काय खरे मानायचे’ म्हणून हात झटकू शकतो. आपला पुराव्याचा कायदा या बाबतीत नैयायिकांच्या जवळचा आहे. १८७२ च्या कायद्याने केलेली व्याख्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे: एखादी गोष्ट आहे असे धरून शहाण्या माणसाने वागावे, इतकी ती संभाव्य असेल, तर ती सिद्ध झाली. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, पण तो संशय वाजवी असावा लागतो. चित्रफीत बनावट असू शकते, एवढे म्हणून भागत नाही. सावली कुठे चुकली, मूळ फाईल कुठे आहे, ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे विचारावे लागते, आणि या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तपासून मिळू शकते.