न्हाव्यास एक आणा

मागच्या हिवाळ्यात झाशीला आमच्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. होमहवन झालं, गुळाची तुला झाली, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं, आणि मग भेटी. पुण्याहून आलेल्या चुलतभावाने, म्हणजे काकांच्याच थोरल्या मुलाने, मखमली खोक्यातून एक ग्रंथ काढला. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, आतला कागद मुद्दाम चहाच्या रंगाचा केलेला. ही आमच्या पणजोबांची वही. दादाच्या शब्दांत, 'पुन्हा जिवंत केलेली'. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तेव्हापासून घरात माझ्याविषयी जे बोललं जातं त्याला उत्तर म्हणून हे लिहिते आहे. पण प्रश्न आमच्या एका घरापुरता असता तर तो घरातच मिटवला असता.

घरातली जुनी वस्तू शोधायची, ती झकपक करून घ्यायची आणि वडीलधाऱ्यांना भेट द्यायची, अशी एक साथ सध्या आली आहे. आजीच्या नऊवारीचे कुशनकव्हर होतात. देवघरातल्या समईला पॉलिश करून वर लाखेचा हात देतात, म्हणजे ती पुन्हा काळी पडत नाही आणि पुन्हा पेटवताही येत नाही. पत्र्याच्या ट्रंकेवर फुलं रंगवतात. देणाऱ्याचे डोळे भरून येतात, घेणाऱ्याचेही येतात. मधल्या मध्ये वस्तू गेलेली असते, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराच्या लोटात कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसत जायचा. काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. पण बाहेरचा पोचा तो काढायचा नाही, आणि कडेवर कोरलेल्या पणजीच्या नावाला हातही लावायचा नाही. कल्हई होते ती पातेल्यात पुन्हा आमटी शिजावी म्हणून. शिवाय ती काही वर्षांत उडते आणि पुन्हा करता येते. जुने कागद सांभाळणाऱ्यांची रीतही याहून वेगळी नाही. फाटलेल्या पानामागे पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवायचा, कारण ती खळ उद्या पाण्याच्या ओलाव्याने सोडवता येते. मागे घेता येणार नाही असं काही करायचं नाही आणि जे केलं ते लिहून ठेवायचं, एवढंच ते शास्त्र.

आमच्या वहीचं काय झालं ते सांगते. ती लांबट होती, वरच्या अंगाला शिवलेली, लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची. रोजकीर्द म्हणावी अशी. पणजोबा रेल्वेत कारकून होते आणि १९१४ ते १९३४ अशी वीस वर्षं त्यांनी घरखर्च मोडीत लिहिला. वही टिकावी म्हणून दादाने ती एका दुकानात दिली. दुकानदाराने शिवण उसवली, पानांच्या कडा सरळ कापल्या आणि प्रत्येक पान गरम यंत्रातून काढून प्लास्टिकमध्ये बंद केलं. आता ते पान त्यातून कधीही निघणार नाही. गेल्या शतकात मोठमोठ्या दफ्तरखान्यांनीसुद्धा कागदांना सेल्युलोज ॲसिटेटचे पापुद्रे चढवले होते आणि नंतर पस्तावून ती पद्धत सोडली. पण त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याला ओळखपत्रं आणि गुणपत्रिका येतात. दोष आहे तो 'टिकणं' म्हणजे 'कुणी हात न लावणं' असं समजणाऱ्या आपल्या समजुतीला.

तरीही कागद ही छोटी गोष्ट. खरी कापाकापी मजकुरात झाली.

ती मला कळली याचं कारण निव्वळ योगायोग. आठ वर्षांपूर्वी मोडी शिकत असताना सरावासाठी मी अख्ख्या वहीचे फोटो काढून ठेवले होते. दादाने लिप्यंतर करून घेतलं आणि नातवंडांसाठी त्याचं हिंदी व इंग्रजी भाषांतर करायला मला पाठवलं. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते, दोन पाठ शेजारी ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी ठेवले.

पहिली गोष्ट भाषेची. झाशीची मराठी घरं अठराव्या शतकात नेवाळकर सुभेदारांच्या मागेपुढे इथे आली. तेव्हापासून आमच्या मराठीत बुंदेली मुरली आहे. पणजोबा भाजीला 'तरकारी' लिहितात, कोळशाला 'कोयला', बाजेला 'खटिया'. दादाच्या ग्रंथात तरकारीची भाजी झाली, कोयल्याचा कोळसा झाला, खटियेची खाट झाली. शंभर वर्षांपूर्वीचा झाशीचा कारकून एका रात्रीत सदाशिव पेठेत राहायला गेला. एका नोंदीवर तर लिप्यंतरकार अडलाच. 'मोडीस चुड्या, तीन आणे.' संक्रांतीच्या आधी दरवर्षी ही नोंद येते. मोडी लिपीला चुड्या कशाला? बुंदेलीत मोडी म्हणजे मुलगी, आणि चुड्या म्हणजे बांगड्या. हे झाशीत कुठल्याही पानवाल्याने सांगितलं असतं. पुण्यात विचारायला कुणी नव्हतं, म्हणून आधी प्रश्नचिन्ह आलं आणि शेवटी नोंद गेली.

ही मोडी म्हणजे पणजोबांची एकुलती मुलगी, काकांची आत्या. लग्न अकराव्या वर्षी. १९१८ च्या साथीत, जिला गावोगाव 'मानमोडी' म्हणायचे त्या तापात, तिचा नवरा गेला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या संक्रांतीला वहीत चुड्या नाहीत. पुढेही कधी नाहीत. मग १९२१ च्या श्रावणात नवी नोंद सुरू होते: 'न्हाव्यास, सोवळीकरिता, एक आणा.' महिन्यातून दोनदा. वही संपेपर्यंत. मी मोजल्या, तीनशेच्या वर आहेत.

दादाच्या ग्रंथात त्यातली एकही नाही.

मी विचारलं. तो म्हणाला, "अगं, बाबांना एक्याऐंशीव्या वर्षी हे वाचायला द्यायचं? आनंदाच्या दिवशी?" मग म्हणाला, त्याच त्याच नोंदी कोण वाचणार. मग म्हणाला, आत्याआजीची अब्रू आहे. तिन्ही कारणं प्रामाणिक आहेत. दादा माझ्याहून प्रेमळ माणूस आहे, हेही मान्य. पण अब्रू कुणाची, ते पाहायला हवं. वस्तरा ज्यांनी फिरवला त्यांची की जिच्या डोक्यावर फिरला तिची? आमच्या घराण्याच्या वंशवृक्षात आत्याआजी नाही, कारण त्यात फक्त मुलगे आहेत. तिचा फोटो नाही. तिचं पत्र नाही. ती या जगात छप्पन्न की सत्तावन्न वर्षं नव्हे, चांगली सहासष्ट वर्षं राहिली, आणि तिचा लेखी पुरावा म्हणजे तीन आण्यांच्या चार चुड्या आणि त्यानंतरचे हे आणे. ते काढलेत की ती झालीच नव्हती. केस एकदा वस्तऱ्याने गेले. आता आपण तेवढाच आणा पुसतो आणि त्याला वारसा जपणं म्हणतो.

'त्याच त्याच नोंदी' हे तर मला सर्वांत लागलं. त्याच त्याच आहेत म्हणूनच त्या ठेवायच्या. एकदा लिहिलं असतं तर तो प्रसंग झाला असता. तीनशे वेळा लिहिलं, दूध आणि कोयल्याच्या मधल्या ओळीत लिहिलं, अक्षर कुठे हललेलं नाही, हीच ती गोष्ट आहे. पणजोबा क्रूर नव्हते. चुड्या त्यांनीच आणल्या होत्या.

झाशीत बसून या विषयावर बोलायचं तर विष्णुभट गोडसे आठवणारच. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. १८५८ चा झाशीचा वेढा, लूट, कत्तल, इथल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण, हे त्याने शहरात राहून पाहिलं. पुढे पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, त्याने ते लिहून काढलं. गोडसे गेल्यावर १९०७ मध्ये वैद्यांनी 'माझा प्रवास' छापलं, पण भाषा सुधारून, काही गाळून, काही बदलून. जवळजवळ साठ वर्षं वाचकांनी तेच गोडसे म्हणून वाचले. अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने ते हिंदीत नेलं तेव्हा त्यांच्या हातातही तोच पाठ होता, दुसरा छापलेलाच नव्हता. म्हणजे एका घरच्या रंगरंगोटीचे डाग दुसऱ्या भाषेच्या भिंतीवर. अनेक भाषांत वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दादाने हेच उदाहरण माझ्यावर उलटवलं. वैद्यांनी सुधारलं म्हणून तर पुस्तक लोकांपर्यंत पोचलं, नाही का? पोचलं. १९०७ मध्ये, त्या सरकारच्या राज्यात, हे छापायला धैर्य लागलं असेल, हेही मी मान्य करते. पण वैद्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती दादा विसरतो. त्यांनी मूळ हस्तलिखित जपलं आणि १९२२ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिलं. न कापता, न सुधारता. म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ गोडसे छापता आले, आणि म्हणून आपल्याला वैद्यांशी भांडता येतं. खरी भेट ती १९२२ ची. आपल्या चुका ज्याच्या आधारे पकडल्या जातील तो कागद त्यांनी दुसऱ्याच्या हाती ठेवला. आमच्या वहीच्या कडा कापल्या गेल्या, त्यावर पणजोबांनी समासात केलेल्या बेरजा होत्या. त्या आता कुठल्याच मंडळात मिळणार नाहीत.

या बाबतीत मी स्वतः धुतल्या तांदळाची आहे असं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका हिंदी कथेचं मराठी करताना त्यातल्या म्हातारीच्या शिव्या मी सौम्य केल्या. मराठीत ती फार अंगावर येत होती. संपादकांना भाषांतर ओघवतं वाटलं. मूळ लेखिकेला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तिने आभार मानले. 'ओघवतं' हा शब्द कुणी माझ्या कामाबद्दल वापरला की मला अजून ती म्हातारी दिसते, तोंड दाबून बसवलेली. भाषांतरकाराला निदान मूळ पुस्तक बाजारात असल्याचा धाक असतो. घरच्या वस्तूची एकच प्रत असते. तिथे धाक धरायचा तो आपण आपलाच.

१८७७ मध्ये इंग्लंडात विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या अशाच 'जीर्णोद्धारा'विरुद्ध एक संस्था काढली. चर्चच्या भिंती खरवडून नव्या करण्याला तिचा विरोध, म्हणून तिला गमतीने 'खरवडविरोधी' म्हणत. आपल्याकडे कुणी अशी संस्था काढली तर मी वर्गणी देईन. तोवर भेट देणाऱ्यांना एवढंच विचारते: ती वस्तू स्वच्छ करताना तुम्ही धूळ काढता आहात की साक्ष? आणि तुमच्या केलेल्या कामाखालून मूळ वस्तू पुन्हा बाहेर येऊ शकेल का? नसेल तर ती भेट समोरच्याला नाही, आपल्याच सोयीच्या आठवणीला आहे. त्यापेक्षा शाल द्या.

तर त्या दिवशी. पंगत उठली, पाहुणे पांगले. काका आरामखुर्चीत ग्रंथ मांडीवर घेऊन बसले होते. दादाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. मी पाणी घेऊन गेले तेव्हा पानं मागेपुढे करत होते.

"यात आत्याच्या चुड्या कुठे आहेत गं?"

मी थबकले. काकांना मोडी येत नाही. वहीत चुड्या आहेत हे त्यांना कसं ठाऊक? तर आत्याच सांगायची म्हणे. माझे चाचा (झाशीत ती वडिलांना चाचा म्हणायची) माझ्या चुड्या हिशेबात लिहायचे, वही काढून बघ, मोठा झालास की वाच.

मी फोन काढला, पान मोठं केलं आणि वाचून दाखवलं. मोडीस चुड्या, तीन आणे. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, पुढचं वाच. मी म्हटलं, पुढे काही विशेष नाही काका. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग मी श्रावणाचं पान काढलं.

"एक आणा?" काका म्हणाले. "माझ्या वेळी चार आणे झाले होते. मागच्या दाराने यायचा तो. पैसे मीच नेऊन द्यायचो."