आधी आजीचा ‘सा’ शोधा

घरात गिटार आली की पंधरा दिवसांत मुलांना चार कॉर्ड येतात आणि त्यांवर सिनेमाची गाणी बसतात. मग एखाद्या सुटीत कपाटातली जुनी कॅसेट हाती लागते. तिच्यात आजी आणि तिची नणंद जात्यावरच्या ओव्या म्हणत असतात. नातू उत्साहाने साथ करू पाहतो, पण काही केल्या मेळ जमत नाही. शेवटी घरात ठरते की आजी थोडी बेसूरच होती. हा निकाल फार घाईचा आहे. बहुतेक वेळा आजी सुरात असते, साथ चुकीच्या जागी उभी असते.

जबलपूरच्या मराठी घरांत हा प्रश्न दुहेरी आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली कितीतरी कुटुंबे इथेच रुजली. त्यांच्या घरात ओव्या आणि भोंडल्याची गाणी, तर उंबऱ्याबाहेर बुंदेली बोली. संक्रांतीला नर्मदास्नानाला निघालेल्यांची बंबुलिया, फाल्गुनातली फाग, तमूऱ्यावरची भजने हे सारे मुलांच्या कानांवर पडत असते. ग्वारीघाटावर उभे राहून फोनवर ते टिपून घेणेही आता सोपे झाले आहे. मात्र यांतले एकही गाणे कॉर्डसाठी रचलेले नाही.

अडते कुठे?

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावण्याची रूढी आहे. मेजर कॉर्ड वाजवली की तिच्यात शुद्ध गंधार येतो, मायनर वाजवली की कोमल. म्हणजे गाणाऱ्याने ‘ग’ कोणता लावायचा हे साथ आधीच ठरवून टाकते. लोकगीतातला गंधार मात्र इतका आज्ञाधारक नसतो. कधी तो दोहोंच्या मधे कुठेतरी असतो, तर कधी चढताना एक आणि उतरताना दुसरा लागतो. त्यावर मेजर कॉर्ड लादली की कानाला खटकते आणि दोष गाणाऱ्या बाईच्या माथी येतो.

यावरचा उपाय सोपा आहे. गाणे गिटारकडे ओढू नका, गिटारच्या तारा गाण्याकडे न्या.

परक्या गाण्यासाठी सैल केलेल्या तारा

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडचा गिटारवादक डेव्ही ग्रॅहम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत गेला होता. तिथल्या ऊद या तंतुवाद्याच्या संगीताशी जुळावे म्हणून त्याने तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावल्या. ‘डी’ला षड्ज मानले तर हे स्वर होतात सा, प, सा, म, प, सा. आपल्या तंबोऱ्याच्या किती जवळचे आहे पाहा! यात गंधार मुळीच नाही. त्यामुळे गाणारा जो ‘ग’ लावील तो खपून जातो.

आपल्याकडेही गिटारने असेच वळण घेतले. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटारवर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ते होते. विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळवले.

‘सा’ कसा सापडतो?

कॅसेट जुनी असेल तर आधी तिची प्रत संगणकावर उतरवून घ्या. वारंवार चालवल्याने फीत तुटू शकते. मग गिटार बाजूला ठेवून गाणे पाच-सहा वेळा नुसते ऐका. ओळ संपल्यावर आवाज जिथे निवांत टेकतो तो स्वर गुणगुणा. तो बहुधा ‘सा’ असतो, पण नेहमीच नाही. म्हणून पेटीवर तोच स्वर धरून ठेवा आणि पुन्हा ऐका. सगळे गाणे त्यावर विसावले, तर ‘सा’ सापडला.

कधीकधी तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे येतो. रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील, तर फीत हळू फिरलेली असते. नंतर नेहमीच्या वेगाने लावल्यावर आवाज चढा येतो. शिवाय साथीविना गाणारा आवाज हळूहळू वर किंवा खाली सरकू शकतो. पहिल्या ओवीचा ‘सा’ आणि विसाव्या ओवीचा ‘सा’ वेगळा असू शकतो. अशा वेळी फोनवरच्या ट्यूनरचे ऐकू नका, आजीचे ऐका.

तारा लावताना

सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे उतरवा. झाली सा-प-सा-म-प-सा. तार ताणण्यापेक्षा सैल करणे सुरक्षित. मात्र आधी हव्या त्या स्वराच्या थोडे खाली जा आणि मग वर चढवत स्वरावर या, म्हणजे तार टिकून राहते. बायकांचा आवाज बहुधा ‘डी’पेक्षा, म्हणजे पांढरी दोनपेक्षा, वर असतो. काळी चारमध्ये गाणे असेल, तर सहाव्या पडद्यावर कॅपो लावा. उरलेला बारीक फरक खुंट्यांनी भरून काढा.

गाण्यात पंचम नसून मध्यमावर भर असेल, तर पाचवी तार आणखी दोन पडदे उतरवून तिचा ‘म’ करा आणि दुसरी तार वाजवू नका. गंधार मधलाच हवा असेल, तर कोमल ‘ग’च्या पडद्यावर तार दाबून किंचित बाजूला ओढा. स्वर थोडा चढतो आणि नेमका तिथे पोचतो. आणि वाजवा कमी. जात्याच्या घरघरीवर ज्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, त्यांना चार मोकळ्या तारांचा झंकार पुरतो.

घरात अशी कॅसेट नसेल, तरी हात बांधलेले नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने हा संग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. त्यातल्या कितीतरी ओव्या प्रत्यक्ष ऐकायलाही मिळतात.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. ओवी मेजर कॉर्डमध्ये बसवली की नातवंडे ती तशीच शिकतात आणि एका पिढीत तिचा मूळ गंधार नाहीसा होतो. कॅसेटमधली आजी तो दुरुस्त करायला येऊ शकत नाही. पण ते गाणे जाणणारी एखादी मावशी किंवा आत्या अजून असेल. तारा लावून झाल्या की तिला समोर बसवा, वाजवून दाखवा आणि ती जिथे मान हलवील तिथे थांबा. मग वहीत लिहून ठेवा: गाणे कोणाचे, कोणत्या गावचे, कधी मुद्रित केले आणि ‘सा’ कुठे होता.