डेटाच्या बाजारात गायरानधारक कुठे?

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव आज केवळ अडत्याच्या बोलीवर ठरत नाही. व्यापाऱ्याच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यावर निजामाबाद, सांगलीचे दर, वायदेबाजाराची चढउतार क्षणात दिसते. कोणत्या गावात काय पेरले, पाऊस किती झाला, कर्ज कुणाला द्यायचे, माल कधी उचलायचा, हे सारे आता माहितीच्या जोरावर ठरते. व्यापाराचा कारभारच बदलला आहे.

आम्ही या बदलाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते, की जमीन लहान की मोठी हे एकरांवर नव्हे, तर तिच्यात घातलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते. शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राला नावे ठेवणे हा आमचा वारसा नाही. केंद्र सरकारने ‘ई-नाम’ ही ऑनलाईन बाजारव्यवस्था सुरू केली, तीही १४ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला. मुहूर्त आमचा, पण बाजारात आम्ही कुठे आहोत?

या सगळ्या माहितीचा पाया एकच आहे, तो म्हणजे सातबारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, ती खातेदारासाठी. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधार आणि जमिनीच्या नोंदीला जोडलेला. मग सेनगाव, औंढा, कळमनुरीकडचा जो आमचा माणूस दोन पिढ्यांपासून गायरान कसतो, सोयाबीन-तूर पिकवतो, त्याचे काय? तो शेतकऱ्यांच्या यादीत नाही. मात्र सरकारच्या दप्तरात तो नाही असे समजू नका. गाव नमुना एक-ई काढून पाहा. तिथे त्याचे नाव सापडेल, अतिक्रमण करणारा म्हणून!

ही जमीन कुणी दान दिलेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही कित्येकांच्या नावे सातबारा झालेला नाही. पूर्वी त्याची किंमत तलाठ्याच्या दारात हेलपाटे घालून मोजावी लागे. आता संगणकच सांगतो, ‘नोंद आढळली नाही’. त्याच्याशी भांडायचे कसे?

हळद काढणाऱ्या, निवडणाऱ्या बायांची गत याहून वेगळी नाही. पोत्याचे वजन, ओलावा, कुरकुमीनचे प्रमाण, सगळे मोजले जाते. त्यांचे हात तेवढे कोणत्याच रकान्यात नाहीत.

शासनाने कसणाऱ्याची नोंद कसणारा म्हणून घ्यावी, १९९० पूर्वीच्या गायरानधारकांचे दावे आधी निकाली काढावेत आणि मगच ओळख क्रमांकाची सक्ती करावी. आणि आमच्या शिकलेल्या पोरांनो, तुम्ही शहरात कंपन्यांचे आकडे जुळवता. सुट्टीत गावी याल तेव्हा एक-ईचा उतारा मागा, जुन्या दंडाच्या पावत्या गोळा करा, कोण कधीपासून कसतो याची गाववार यादी तयार करा. दंडाची पावती हाच ताब्याचा पुरावा आहे. म्हाताऱ्यांच्या पेटीत ती अजून असेल, वाळवी लागण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.