तात्यांची वही आणि बारा तासांची मैफल



१४ एप्रिल जवळ आला की आमच्या बिद्रीत मंडळाची बैठक बसते. वर्गणी किती, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, साउंड कोणाचा, हे तीन प्रश्न ठरलेले. यंदा आम्ही चौथा प्रश्न घातला, "गाण्याचा कार्यक्रम कधी?" पोरे एकमेकांकडे बघू लागली. एक जण म्हणाला, "दादा, साउंड हाय न्हवं? गाणी वाजणारच की!"

आम्ही गप्प बसलो. वाजणारे गाणे आणि बसून ऐकलेले गाणे यांतला फरक त्या पोरांना कोणी सांगितलेलाच नाही. तो सांगायचा कोणी? आमच्याच पिढीने. तेव्हा दोष त्यांचा नाही.

१९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. रात्री जेवणे आटोपली की समाजमंदिरापुढे घोंगडी, सतरंज्या पडायच्या. आयाबाया लेकरांना मांडीवर घेऊन पुढे, म्हातारी माणसे भिंतीला टेकून. पेटी, ढोलकी, टाळ आणि एक कर्णा. आमचे चुलते, ज्यांना सारा वाडा तात्या म्हणायचा, ते गायला बसत. कारखान्यातली पाळी संपवून मध्यरात्री येणाऱ्यांसाठी मागे जागा राखलेली असे. पहिल्या प्रहरी बुद्धवंदना, मग चवदार तळे, मग काळाराम, मग दीक्षाभूमी, असा बाबासाहेबांचा सारा जीवनपट गाण्यांतून उलगडत जायचा. महाड १९२७ चे, नाशिक १९३० चे आणि नागपूर १९५६ चे हे आम्ही शाळेत शिकलो नाही, त्या घोंगडीवर शिकलो. पहाटे चहाची पातेली यायची तेव्हा आम्ही आईच्या पदराखाली झोपलेले असायचो, पण गाणे कानात चालूच असे.

या रात्रींच्या मागे मोठी परंपरा होती. सत्यशोधक जलशांनी वाट घालून दिली, त्या वाटेवर भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. कोणी वाचायला दिलेले पत्र वाचता आले नाही, त्या दुःखातून अक्षरे शिकला आणि हजारो गीते लिहून गेला. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजांनी तर घराघरातले टेपरेकॉर्डर व्यापले होते.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण रात्र गेली आणि तिच्या जागी आपण काही आणले नाही. जे आणले त्याच्या भिंती एवढ्या मोठ्या की शब्द ऐकूच येत नाही, नुसती छाती धडधडते.

बैठकीनंतर ही तक्रार आम्ही पुण्यात शिकणाऱ्या भाचीजवळ केली. ती हसून म्हणाली, "मामा, रात्र गेली तर दिवस आहे की! न्यूयॉर्कला लोक दिवसभर गाणं ऐकत बसतात." आणि तिने जे सांगितले, ते ऐकून आमचे डोळे उघडले.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे नावाच्या लांबलचक रस्त्यावर सिंफनी स्पेस नावाचे सभागृह आहे. १९७८ च्या जानेवारीत तिथे बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचनांची दिवसभराची मैफल झाली. प्रवेश सर्वांना फुकट. ज्याला वेळ असेल त्याने यावे, बसावे, उठून जावे, पुन्हा यावे. तिथूनच त्या सभागृहाची सुरुवात झाली आणि अशा मॅरेथॉन मैफलींचा रिवाज पडला. अमेरिकेच्या स्वतःच्या संगीतकारांवरही त्या झाल्या. १९८७ साली तीन तरुण संगीतकारांनी त्याच शहरात नव्या संगीताची बारा तासांची मैफल भरवली आणि तीही परंपराच झाली. वाचकहो, याच ब्रॉडवेवर, सिंफनी स्पेसपासून एकवीस गल्ल्या वर गेले की कोलंबिया विद्यापीठ लागते. १९१३ ते १९१६ या काळात आपले बाबासाहेब तिथे शिकत होते!

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या शास्त्रीय संगीताशी बिद्रीच्या माणसाचे काय नाते? बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, एवढे उत्तर खरे तर पुरे आहे. पण याहून जवळचे नाते आहे, ते ऐका.

सिंफनी म्हणजे साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वादकांनी मिळून वाजवायची, बहुधा चार भागांची मोठी रचना. प्रत्येकाने काय वाजवायचे ते कागदावर लिहिलेले असते. युरोपातून आलेली ही कला अमेरिकेत गोऱ्या, सुखवस्तू लोकांची मानली जाई. ज्यांचे बापजादे गुलाम होते त्या काळ्या लोकांची गाणी शेतात, चर्चमध्ये, वस्तीत चालत. सभागृहाच्या पायरीवर त्यांना जागा नव्हती. विसाव्या शतकात ही पायरी ओलांडणारी माणसे निघाली. १९३१ साली विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या संगीतकाराची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' रॉचेस्टरच्या ऑर्केस्ट्राने वाजवली. १५ जून १९३३ रोजी शिकागोच्या नामांकित ऑर्केस्ट्राने फ्लॉरेन्स प्राईस या काळ्या स्त्रीची सिंफनी वाजवली. काळ्या स्त्रीची सिंफनी एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ही पहिलीच वेळ. तिचा तिसरा भाग 'जुबा' नाचावर बांधलेला आहे. मळ्यांवर मालक लोक गुलामांना ढोल वाजवू देत नसत, म्हणून ते हाताने मांड्या आणि छाती बडवून, टाळ्या वाजवून ताल धरायचे आणि नाचायचे. तोच जुबा! ढोल हिसकावता येतो, हात कसे हिसकावणार? हलगी हातात धरलेल्या आपल्या बापजाद्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

१९३९ साली मारियन अँडरसन या काळ्या गायिकेला वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने रंगामुळे नकार दिला. ९ एप्रिलला ती लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली आणि ऐकायला सुमारे ७५ हजार माणसे जमली. त्या कार्यक्रमात फ्लॉरेन्स प्राईसने बांधून दिलेले एक पारंपरिक गीतही होते.

पण फ्लॉरेन्सबाईंचे पुढे काय झाले? १९४३ साली त्यांनी बोस्टनच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले. सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले की माझ्यापुढे दोन अडचणी आहेत, एक मी स्त्री आहे आणि दुसरी माझ्या अंगात काळ्यांचे रक्त आहे. तरी माझ्या रचना गुणावर तपासा. कुसेवित्स्कींनी त्यांची रचना वाजवली नाही. १९५३ साली बाई वारल्या आणि जग त्यांना विसरले. २००९ साली इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन गावात एका जोडप्याने मोडकळीला आलेले घर विकत घेतले. छपराला भगदाड, आत सामानाची नासधूस. पण घराचा एक भाग कोरडा राहिला होता आणि तिथे कागदांच्या पेट्या सापडल्या. ते घर एकेकाळी फ्लॉरेन्सबाईंचे होते! त्या कागदांत व्हायोलिनच्या दोन मोठ्या रचना आणि चौथी सिंफनी निघाली. १९४५ ची ही सिंफनी पहिल्यांदा वाजली २०१८ साली, म्हणजे ७३ वर्षांनी. २०२२ साली त्यांच्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हे ऐकून भाची आनंदली होती, आमच्या मात्र पोटात कालवले. कारण आम्हाला तात्यांची वही आठवली.

तात्यांची लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची वही होती. त्यात त्यांनी ऐकलेली, जुळवलेली, स्वतः रचलेली गाणी होती. कोणती चाल, कोणत्या जयंतीला म्हटली, साथीला कोण, सगळे समासात लिहिलेले. अखेरच्या दुखण्यात ते आम्हाला दोनदा म्हणाले, "बाळ, तुझं अक्षर चांगलं हाय. एवढं उतरून घे की रं. न्हाईतर माझ्यासंगं जाईल बघ." आम्ही म्हणालो, "घेतो तात्या, मार्च एन्ड होऊ दे." आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत कारकून. आवक-जावक रजिस्टरे उतरवण्यात आमचा जन्म गेला. सरकारी कागद किती वर्षे जपायचा, ते आम्हाला पाठ आहे. पण घरातली वही उतरायला आम्हाला सवड झाली नाही. तात्या गेले. पुढे घराची कौले उतरवून पत्रे घालताना ट्रंक अंगणात ठेवली, वर कागद टाकला. रात्री वळीव आला. सकाळी ट्रंक उघडली तर शाई धुऊन निळे पाणी झालेले. सेंट ॲनच्या मोडक्या घरात कोरडा कोपरा होता. आमच्या धडधाकट घरात तेवढाही निघाला नाही, आणि याला दुसरा कोणी जबाबदार नाही.

आपला इतिहास कोणी लिहिला नाही, अशी तक्रार आपण भाषणांतून करतो. ती खरीच आहे. पण जे आपल्या माणसांनी लिहून ठेवले, ते आपण तरी कुठे जपले? योगायोग पाहा. फ्लॉरेन्सबाईंनी ते पत्र लिहिले त्याच १९४३ साली वामनदादांनी आपले पहिले गीत रचले. वामनदादांची गाणी पुष्कळशी छापली गेली म्हणून वाचली. पण प्रत्येक वाड्यात, वस्तीत एक न छापलेला गाणारा होता. त्याची वही कुठे आहे? आणि जिने वहीच कधी धरली नाही, त्या आजीची ओवी कुठे आहे? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. दोघांनी मनावर घेतले म्हणून एवढे झाले. आपण तर घरोघरी आहोत.

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला. मिरवणूक होईल तशी होवो. पण जयंतीच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ, समाजमंदिरात बारा तास गाणे. कायद्याची अडचण नाही, प्रवेशाला पैसा नाही. सकाळी आजीबाईंच्या ओव्या आणि पाळणे, दुपारी जुन्या जलशांची गाणी, संध्याकाळी आजच्या पोरांचे रॅपसुद्धा. ज्याला जसा वेळ मिळेल तसे त्याने येऊन बसावे. दोन अटी मात्र ठेवल्या आहेत. आवाज एवढाच की शब्द कळला पाहिजे, आणि गायिलेले प्रत्येक गाणे, गाणाऱ्याच्या नावासह, तिथल्या तिथे वहीत उतरले पाहिजे. वही उतरण्याचे काम आम्ही मागून घेतले.

परवाच्या रविवारी आमच्या चुलतीजवळ कागद-पेन घेऊन बसलो. ऐंशीच्या घरातली बाई. म्हणाली, "तात्यांचं आता मला काय आठवतंय?" मग भाकरी थापता थापता एक ओळ गुणगुणली, मग दुसरी. दिवस मावळेपर्यंत तात्यांची अकरा गाणी उतरली. चार अर्धी आहेत. ती कोणाला येतात का, ते त्या बारा तासांत विचारू.

भगिनींनो, तुमच्या सासूबाईंना, आईला आजच एक गाणे म्हणायला सांगा आणि मुलाला ते लिहून घ्यायला बसवा. मार्च एन्डची वाट पाहू नका.

जयभीम!