सूत्र एक, फटका वेगळा

‘सिबिल कुणाचं तोंड बघत नाही. हप्ता भरा, स्कोअर वाढेल, चुकवा, पडेल. नियम सगळ्यांना सारखा.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, स्कोअर कमी म्हणजे माणसातच खोट. स्कोअरच्या हिशेबात जात, धर्म, पगार यातलं काहीच धरत नाहीत, इथवर खरं आहे. पण सारख्या वागणुकीला सारखं फळ मिळतं, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

गोरेगाव पूर्वेच्या आरे कॉलनीत रॉयल पाम्सचे टॉवर आहेत आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांचे पाडेही आहेत. समजा, टॉवरमधल्या एका नोकरदाराने क्रेडिट कार्डावर ९ हजारांचा मोबाइल घेतला. पाड्यातल्या भाजीवाल्या बाईंनीही मुलीच्या अभ्यासासाठी तोच घेतला, बँकेत ठेव ठेवून मिळालेल्या कार्डावर. त्यांच्या कार्डाची मर्यादा १० हजार, नोकरदाराची ३ लाख. बिल निघतं तेव्हाची बाकी साधारणपणे सिबिलसारख्या पतनोंद ठेवणाऱ्या ब्युरोकडे जाते. तिथे नोकरदाराचा मर्यादेतला वापर ३ टक्के दिसतो, बाईंचा ९० टक्के. आणि ३० टक्क्यांच्या वर गेलं की सावध व्हा, असा कर्जव्यवहारातला प्रघात. दोघांनीही मुदतीत सगळं बिल भरलं, पैही थकवली नाही. तरी स्कोअर घसरण्याची पाळी बाईंवरच येते. यात त्यांची बेशिस्त कुठली, हे नियमाचे कैवारी सांगतील का?

कर्ज फेडण्याचंही तसंच. गृहकर्ज, गाडीचं कर्ज चालू असलेल्याचं एक छोटं कर्ज संपलं तर फारसं काही हलत नाही. पाड्यातल्या ज्या दुसऱ्या बाईंकडे कार्ड नाही, तेवढं एकच कर्ज आहे, त्यांनी ते फेडलं की चालू खातंच उरत नाही, आणि चोख फेडूनही आकडा खाली येऊ शकतो. ‘मग त्यांनीही गृहकर्ज घ्यावं’ म्हणणाऱ्यांनी एकदा पाड्यात जाऊन यावं. १९४९ मध्ये वसवलेली आरेची ही दुग्धवसाहत सरकारी जमिनीवर आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बहुतेकांच्या नावावर घराखालच्या जमिनीचा कागद नाही. तारण ठेवणार काय?

हप्ता चुकल्यावर उंच स्कोअरवाल्याचे गुण अनेकदा जास्त कापले जातात, हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण ८०० वरून घसरलेल्याला बहुधा कुठे ना कुठे कर्ज मिळतं. ७५० च्या काठावरचा त्याहून कमी गुण गमावूनही बाहेर फेकला जातो. कुणाचे किती गुण गेले यापेक्षा कुणाचं कर्ज अडलं, हे महत्त्वाचं.

म्हणून सिबिल मोडीतच काढा, हेही मला पटत नाही. २००० साली सिबिल स्थापन होण्याआधी शाखाधिकाऱ्याची ओळख किंवा सावकाराची वही, एवढाच गरिबाचा आधार होता. नोंद हवीच. ती वाचणाऱ्याने मात्र फाइल किती जाड, मर्यादा किती लहान, हे पाहिलं पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं तिच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. तरी ७५० ची रेघ अनेक बँका आपल्याच मनाने ओढतात. दुसरा मार्ग नाही असंही नाही. २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना १० हजारांचं कर्ज विनातारण मिळालं, आणि वेळेवर फेडणाऱ्याला पुढचं मोठं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या प्रायोगिक व्यवस्थेत दूध उत्पादकाने डेअरीला घातलेल्या दुधाची नोंदही कर्जासाठी वापरायला घेतली. दुधाच्या नोंदीवर पत ठरू शकते, तर वर्षानुवर्षं वेळेवर भरलेल्या वीजबिलावर का नाही?

तोवर लहान मर्यादेच्या कार्डावर मोठी खरेदी झाली तर बिल निघण्याआधीच पैसे भरून टाकावेत, म्हणजे बाकी कमी दिसते. ही गोष्ट बँकेने कार्ड हातात देतानाच, मराठीत, समोर बसवून सांगितली पाहिजे.