खडकीचं बटण

ऑनसाइट गेलेल्या पब्लिकचे वीकेण्ड कसे जातात, ते तुम्हाला माहीत असेलच. लॉण्ड्री, आठवड्याची भाजी, घरी फोन आणि उरलेल्या वेळात पावसाकडे बघत बसणं. त्यामुळे टीम लीडने ‘शनिवारी केंटला येतोस का, शेतात मेटल डिटेक्टर फिरवायला?’ असं विचारलं, तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही. डोळ्यांपुढे सोन्याची नाणी चमकत होती.

सोनंबिनं विसरा, बॉस. पहिल्या तीन तासांत मला मिळाली बीअरच्या कॅनची झाकणं, काडतुसांची बुडं आणि घोड्याचा अर्धा नाल. कंबर गेली ती वेगळीच. चौथ्या तासाला हेडफोनमध्ये स्वच्छ ‘टिंग’ झालं. वीतभर माती काढली, तर एक पितळी बटण. मी अंगठ्याने खसाखसा पुसायला लागलो, तसा टीम लीड ओरडला. जुन्या धातूला असं घासायचं नसतं म्हणे. पण तोवर आकडा दिसला होता. १०३.

आकडा म्हणजे पलटणीचा नंबर, हे त्यानेच सांगितलं. घरी येऊन रात्री दोनपर्यंत शोधत बसलो (सोमवारच्या डिलिव्हरीचं नाव काढू नका). घोटाळा असा, की ब्रिटिश सैन्यात १०३ नंबरच्या पलटणी एकाहून जास्त होऊन गेल्या. एक १८१२ च्या युद्धात कॅनडात अमेरिकनांशी लढली आणि १८१७ मध्ये मोडीत निघाली. दुसरीचं नाव वाचलं आणि झोप उडाली. ‘रॉयल बॉम्बे फ्यूजिलिअर्स’.

निकाल लावला धातूने. १८५५ पर्यंत साध्या सोल्जरांची बटणं कथलाच्या मिश्रधातूची असत, पितळ आलं ते त्यानंतर. म्हणजे कॅनडावाली बाद. १८७१ मध्ये सोल्जरांच्या बटणांवरचे नंबर गेले आणि सगळ्यांना एकच राजचिन्ह मिळालं. मुंबईच्या पलटणीला १०३ हा नंबर मिळाला १८६२ मध्ये. माझं बटण या नऊ वर्षांतलं!

आता मी मूळचा खडकीचा. आणि या पलटणीच्या मानचिन्हांमध्ये ‘कर्की’ हा शब्द आहे. म्हणजे आमची खडकी. कंपनी सरकारच्या काळात हीच ‘बॉम्बे युरोपियन रेजिमेंट’ होती. १८१७ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईहून पुण्यात येऊन दाखल झाली आणि ५ नोव्हेंबरला खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या फौजेशी लढली. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाडा गेला.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं खूश होतील. तिकडून थंड आवाज आला, “आपल्याला हरवणाऱ्यांचं बटण घरात कशाला आणतोस?”

मी म्हटलं, बाबा, हे त्या लढाईनंतर पंचेचाळीस वर्षांनी मिळालेल्या नंबरचं आहे. ते म्हणाले, “मग नातवाचं असेल. तरी काय झालं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा वाचत बसलो. खडकीला कंपनीच्या बाजूने गोऱ्यांची ही एकच पलटण होती. बाकीचे बहुतेक देशी शिपाई, त्यात कोकणातली कितीतरी माणसं. बाजीरावाच्याच पैशाने उभी केलेली दापोडीची ब्रिगेडसुद्धा ऐन वेळी इंग्रजांकडे गेली. ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, हे शाळेच्या पुस्तकात वाटलं होतं तितकं सोपं नाही. हे मी बाबांना सांगितलं. ते फक्त ‘हं’ म्हणाले.

राहता राहिला प्रश्न, मुंबईच्या पलटणीचं बटण केंटच्या शेतात कसं? कुणी रिटायर सोल्जर जुना कोट घालून तिथे राबला असेल. पण टीम लीडची थिअरी मला जास्त आवडली. केंटमध्ये बीअरसाठी लागणाऱ्या हॉप्सची शेती चालते आणि तिथे लोकरीच्या चिंध्या खत म्हणून मातीत टाकायचे. भंगारात गेलेले लष्करी कोट त्यातच. कापड कुजलं, बटण राहिलं.

(हे वाचून सिंहगडावर डिटेक्टर घेऊन जाऊ नका. आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित जागी खणणं तर गुन्हाच.)

तिकडेही सगळं मोकळं नाही. शेतमालकाची परवानगी घेऊनच फिरायचं, आणि असं बटण कायद्याने त्याचंच. त्याने उदारपणे मला दिलं. पण ब्रिटनच्या मातीतून निघालेली ५० वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, मग ती बटणाएवढी का असेना. माझं परतीचं तिकीट दहा दिवसांवर. बटण पुन्हा शेतमालकाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर गेलं.

निघण्याआधी मी लहानपणी नाण्याचा काढायचो तसा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढून घेतला. घरी आल्यावर बाबांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि न बोलता कपाटात टाकला.

परवा त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधले एक काका भेटले. म्हणाले, “काय रे, ते दापोडीच्या ब्रिगेडचं खरं का? तुझे बाबा आठवडाभर तोच कागद नाचवतायत.”